सरावाचा अर्ज

पिंपळटेक धनगरवाड्यावरची शाळा बंद पडली.

हे वाक्य मी खोडतो. कार्यालयाच्या मते शाळा बंद पडलेली नाही, ती 'समायोजित' झाली आहे. समायोजित झालेली शाळा बंद नसते, ती फक्त नसते. तेव्हा तुम्ही ते वाक्य वाचलं नाही, मी लिहिलं नाही. शाळा आहे, पट चोवीस आहे, आणि मी तालुक्याच्या गट साधन केंद्रात सतरंजीवर मांडी घालून बसलोय. डिसेंबर महिना, सकाळचे साडेअकरा.

"बोधले सर, तुम्ही खिडकी व्हा," पानवलकर सर म्हणाले.

"कसली?"

"एसटी स्टँडवरची. चौकशीची."

मी खिडकी झालो. आमचे मुख्याध्यापक मुळीक सर वेळापत्रक झाले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस दोन्ही हात पसरून भिंतीला टेकून उभा होता, आणि दुसऱ्या शाळेतले एक गुरुजी त्यांच्या पोटावरून फूटपट्टी फिरवत गारगोटीची गाडी शोधत होते.

"गाडी गेली," मुळीक सर कंटाळून म्हणाले.

"वेळापत्रक बोलत नाही, सर," पानवलकर म्हणाले.

दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय, व्यावहारिक साक्षरता. म्हणजे असं की, मुलाला कविता तोंडपाठ असते पण औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचता येत नाही. 'माझा आवडता सण' दोन पानं लिहितं, पण पोस्टातला फॉर्म पुढे ठेवला की बापाकडे बघतं, आणि बाप त्याच्याकडे बघतो. तर फॉर्म, पाटी, सूचना, अर्ज, हे सगळं मुलांना कसं शिकवायचं, हे आम्हा अठ्ठेचाळीस शिक्षकांना शिकवायचं होतं. विषय चांगला होता. मी आजही तसंच म्हणतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्हाला अभिप्रायाचा फॉर्म भरायला दिला, त्यात अकरा जणांनी 'दिनांक' लिहायच्या जागी सही केली. म्हणजे गरजही होती.

पानवलकरांना प्रशिक्षक म्हटलेलं आवडायचं नाही. ते सुलभक होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तिकेचं एकतिसावं पान उघडायला सांगितलं. तिथे अर्जाचा नमुना होता. 'प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी. विषय : शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. अर्जदार : अ. ब. क.'

"आठ दिवसांत प्रत्येक शाळेनं हा अनुभव द्यायचा," ते म्हणाले. "मुलांनी स्वतः अर्ज लिहायचा, स्वतः कार्यालयात द्यायचा, आवक क्रमांक घ्यायचा, शिक्का मारलेली पोच आणायची. अनुभव खरा पाहिजे."

मुळीक सरांनी हात वर केला. "दाखला तर मुख्याध्यापक देतो. अर्ज थेट साहेबांना कशाला?"

"पुस्तिका छापून झालीये, सर."

मुळीक सरांनी हात खाली घेतला. मग मी विचारलं, "सर, वर 'सरावासाठी' असं लिहिलं तर?"

पानवलकर हसले. ह्या प्रश्नाची ते वाटच बघत होते. "बोधले सर, सराव लिहिलं की मूल खेळतं. खरं लिहिलं की मूल घडतं."

सगळ्यांनी वहीत ते उतरवून घेतलं. मीही घेतलं. अक्षर चांगलं आलं होतं.

"आणि विषय दुसरा घेतला तर?"

"घ्या की. पण गुणदान नमुन्याबरहुकूम आहे. वेगळं काही दिसलं की गुण कमी."

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. मला गुण कमी पडलेले आवडत नसत.

पिंपळटेक म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सडा, कातळाचं पठार. झोरे, येडगे, कोकरे, बोडेकर अशी पंचवीसेक घरं, घरांपेक्षा म्हशी जास्त. शाळेच्या दोन खोल्या. एकीत मुळीक सर आणि चौथीपर्यंतची पंधरा मुलं, दुसरीत मी आणि पाचवी ते सातवीची नऊ. शाळा असल्याचं सरकारला एवढ्यावरूनच कळायचं की महिन्याला पट कळवावा लागायचा. वीसच्या खाली गेलात तर शाळा शेजारच्या गावात घालणार, असा दम दर वर्षी यायचा. आम्ही चोवीस होतो. म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

मी फळ्यावर नमुना लिहिला. दहा मिनिटांनी फिरून बघितलं तर तिघांनी अर्जदार म्हणून 'अ. ब. क.' असंच लिहिलं होतं.

"हे कोण?"

"तुमीच लिवलंय, सर," बिरदेव कोकरे म्हणाला.

"तिथे आपलं नाव घालायचं. स्वतःचं. पूर्ण."

सगळ्यांनी आपापली नावं घातली. सहावीतली भागिरथी झोरे तेवढी पेन बंद करून बसली होती. भागी वाड्यावरची सगळ्यात पुढची पोर. कुणाच्या घरी कागद आला की भागीला बोलवायचे, आणि ती तो पाराच्या कट्ट्यावर उभी राहून, पाठवणाऱ्याच्या पत्त्यासकट वाचून दाखवायची. तिला नर्स व्हायचं होतं. माणसांची नव्हे, म्हशींची. तशी नर्स नसते हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"लिही की," मी म्हणालो.

"मला दाखला नगोय, सर."

"कुणालाच नकोय. सराव आहे हा."

"मग पायजे त्येचा लिवू की. आमची म्हस चार दिस झालं चरंना. जनावराचा डॉक्टर वर येत न्हाई. त्येला लिवते."

"पुस्तिकेत म्हैस नाही, भागी."

"पुस्तिकेत मीबी न्हाई."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि फळ्याकडे बोट दाखवलं. तिनं पेन उघडलं.

"कारण काय लिवायचं?"

"नमुन्यात आहे तेच. घरगुती अडचण."

"आमच्या घरात अडचण न्हाई."

"एका दिवसापुरती आहे असं धर."

तिनं धरली.

दुसऱ्या दिवशी मी नऊ मुलं वडापच्या जीपमध्ये भरून तालुक्याला नेली. कार्यालयाच्या दारावर फलक होता, 'शून्य प्रलंबितता सप्ताह'. त्या आठवड्यात आलेला प्रत्येक अर्ज तीन दिवसांत निकाली काढायचा, असा वरून आदेश होता. हा फलक मी वाचला. व्यावहारिक साक्षरतेचं प्रशिक्षण घेतलेला मी, मोठ्या अक्षरांतला फलक, दहा फुटांवरून वाचला, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. कारण त्याच कार्यालयातल्या नोंदीत मी दोन वर्षं 'श्रीमती बोधले' होतो, आणि ते बदलावं म्हणून मी केलेला अर्ज तिथले कारकून ढवण भाऊसाहेब ह्यांच्या टेबलाखालच्या गठ्ठ्यात मी स्वतः पाहिला होता. ह्या इमारतीत अर्ज पोहोचतो, एवढंच मला माहीत होतं. त्याचं काही होतं, असं कधी ऐकलं नव्हतं.

मुलांना मी दारातच सोडलं. भागीनं पाट्या वाचल्या, बाकीच्यांना रांगेत लावलं आणि बरोबर टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, आवक हितंच करत्यात न्हवं?"

ढवण भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "हो. तुला कुणी सांगितलं?"

"पाटीवर हाय की."

"अरे वा! इथं पदवीधर येऊन पंख्याखाली उभे राहतात आणि विचारतात." त्यांनी ठाप ठाप नऊ शिक्के मारले. "कोणत्या शाळेची गं?"

"पिंपळटेक. आमचं सर भाईर हायेत. आमास्नी म्हणाले, तुमचं तुमी करा."

पोच घेऊन मुलं बाहेर आली. भागीनं ती जीपमध्ये दोन्ही हातांत धरली होती, दुमडू दिली नाही. वळणावर मला म्हणाली, "सर, लई सोपं हाय की वो. आता मी म्हशीचाबी लिवते." तिच्याकडे बघून मला वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी काहीतरी शिकवलं.

म्हैस त्याच रात्री मेली. तो विषय वेगळा.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत भागीचा बाप धोंडिबा झोरे शाळेच्या पायरीवर येऊन बसला. डोक्यावरचं घोंगडं काढून त्यानं आतून एक कागद काढला. कोरा करकरीत, गोल शिक्क्याचा.

"गुर्जी, कोतवाल दिऊन गेला. पोरगीनं वाचला. शाळा सोडल्याचा दाखला हाय म्हणती. कारण, घरगुती अडचण. आमची अडचण सरकारला कुणी सांगितली?"

मी कागद हातात घेतला. वाचला. परत वाचला. वाचता मला उत्तम येत होतं.

"धोंडिबा, हा चुकून आलाय."

"सरकार चुकून कवा दितंय व्हय?" तो शांतपणे म्हणाला. "मी तीन अर्ज केलं जल्मात. रस्त्याचा, लाइटीचा आणि जातीच्या दाखल्याचा. एकबी आला न्हाई. ह्यो चार दिसांत घरपोच आला. म्हंजे सरकारच्या मनातच हाय की पोरीनं घरी बसावं."

"सराव होता हो तो."

"कसला?"

"अर्जाचा."

"आनि दाखला?"

"तो खरा आहे."

धोंडिबानं माझ्या हातातला कागद परत घेतला. मग घोंगडं डोक्यावर घेतलं. मागे खिडकीत भागी उभी होती. इतर आठही घरी कोतवाल गेला होता.

दुसऱ्या दिवशी मुळीक सरांच्या नावे पत्र आलं. पिंपळटेक शाळेचा पट चोवीसवरून पंधरा झाल्याचे दिसून आल्याने सदर शाळा वाघजाळे येथील शाळेत समायोजित करण्यात येत आहे. अंतर दोन किलोमीटर चारशे मीटर, म्हणजे नियमात.

"दोन चारशे?" मुळीक सर म्हणाले. "खाली उतरायला दीड तास लागतो. वाटेत गवे असतात."

"नकाशावर सरळ रेघ मारून मोजलंय, सर."

"सरळ रेघेत तर कडा आहे."

"म्हणूनच जवळ आहे."

हा विनोद मी केला. तेव्हाही कुणी हसलं नाही.

आम्ही दोघं त्याच दिवशी ढवण भाऊसाहेबांसमोर जाऊन उभे राहिलो. त्यांच्या टेबलाखालचा गठ्ठा नाहीसा झाला होता. सप्ताहात जिल्ह्यात पहिले आल्याबद्दल त्यांच्या टेबलावर एक गुलाबाचं फूल होतं.

"रद्द होत नाही," ते म्हणाले. "दाखला दिला की दिला. मुलांना पुन्हा प्रवेश घ्यायला सांगा."

"घेतो. आजच घेतो," मी म्हणालो.

"कुठल्या शाळेत?"

"आमच्याच."

"ती समायोजित झाली."

"मग समायोजन रद्द करा."

"त्याला पट वीस लागतो."

"मुलं आली की होईल ना."

"मुलं यायला शाळा नको का?"

मुळीक सर बाकावर बसले. ढवण वाईट माणूस नव्हते. त्यांनी शिपायाला सांगून पाणी मागवलं.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "ते अर्ज खरे नव्हतेच हो. प्रशिक्षणाचा भाग होता. सराव होता."

"सराव? कुठं लिहिलंय?"

त्यांनी फाईल काढली. नऊ अर्ज एकेक करून माझ्यापुढे ठेवले. नाव, इयत्ता, घरगुती अडचण, सही. सगळे नमुन्याबरहुकूम. नववा त्यांच्या हातातच राहिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"ह्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी होतं. खोडरबरानं खोडलंय." त्यांनी डोळे बारीक केले. "'हा... खरा... न्हाई.' असं दिसतंय. कुणाचा आहे? भागिरथी धोंडिबा झोरे. कुणी खोडलं?"

मुळीक सरांनी माझ्याकडे बघितलं.

"मुलांनीच खोडलं असेल," मी म्हणालो.

ढवणांनी कागद खाली ठेवला. "राहू द्यायला हवं होतं हो. आवक करतानाच दिसलं असतं मला. मी तिथंच विचारलं असतं, की बाई, हे काय आहे. सगळेच नऊ बाजूला ठेवले असते."

मी खोडलं होतं. तालुक्याला जायच्या आदल्या संध्याकाळी, अर्ज तपासताना, तिच्याच दप्तरातलं खोडरबर घेऊन. ती समोर उभी होती. नमुन्यात कोपऱ्यात काही नव्हतं, त्यामुळे गुण गेले असते.

महिनाभरानं प्रशिक्षणाचा निकाल लागला. पिंपळटेक शाळेला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला. त्या वेळी त्या नावाची शाळा नव्हती, म्हणून प्रमाणपत्र माझ्या नव्या शाळेच्या पत्त्यावर आलं, श्रीमती बोधले ह्या नावानं. कारण मीही समायोजित झालो होतो, चाळीस किलोमीटर लांब. पानवलकर सरांचा फोन आला. म्हणाले, "तुमचा अनुभव पुढच्या पुस्तिकेत यशोगाथा म्हणून घेतोय. तुमच्या अहवालातली ती आवकच्या टेबलासमोर उभी राहिलेली मुलगी, तिचा फोटो आहे का?"

"ती घरी असते, सर."

"मग घरचा चालेल."

वाघजाळ्याच्या शाळेत नऊपैकी पाच मुलगे जायला लागले. पुढे त्यातले दोनच उरले. चारही मुली गेल्या नाहीत. मी पहिल्या महिन्यात दोन रविवार वर चढून गेलो. दुसऱ्या रविवारी धोंडिबा म्हणाला, "गुर्जी, तुमी रोज तिला खाली नेऊन वर आणणार असला तर धाडतो." मी म्हणालो, माझी शाळा लांब आहे. तो म्हणाला, "तेच की." भागी गोठ्यात शेण काढत होती. तिनं हात धुतले, मला तांब्याभर पाणी दिलं आणि परत गोठ्यात गेली. त्यानंतर मी वर गेलो नाही. मी अर्ज करायला लागलो. वरिष्ठांना, त्यांच्या वरिष्ठांना, जिथे पत्ता मिळेल तिथे. सगळ्यांची पोच माझ्याकडे आहे.

ह्या गोष्टीला सात वर्षं झाली. आता मीही सुलभक आहे. मला शिकवताना बघून लोक म्हणतात, बोधले सर फार हसवतात.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या आरोग्य केंद्राच्या पायरीवर एका बाईनं मला हाक मारली. कडेवर वर्षाचं पोर, हातात लसीकरणाचं कार्ड. भोवती चार धनगरणी आपापली कार्डं पुढे करून उभ्या होत्या, आणि ती त्यांना तारखा वाचून दाखवत होती.

"वळीखलं का, सर?"

ओळखलं. "काय भागी! वाचतेस अजून?"

"वाचते की. औषधाच्या पुडीवर असतंय तेवढं." तिनं पोर दुसऱ्या कडेला घेतलं. "तुमी बदलला न्हाई. अजून खिशाला लाल पेन."

"अगं, आता शिक्षकांना शिकवतो मी."

"काय शिकवताय?"

"अर्ज कसा लिहायला लावायचा, ते."

ती हसली. टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

"सर, एक इचारू? राग मानू नगा. त्या वक्ताला मी अर्जाच्या कोपऱ्यात लिवलं हुतं, त्ये तुमी खोडलासा न्हवं?"

"हो."

"मला वाटलं, माझं लिवायचंच चुकलं. लई दिस वाटायचं, की जरा नीट लिवलं असतं तर सरांनी खोडलं नसतं. कागुद कुठं मिळाला की कोपऱ्यात लिवून बघायची."

"चुकलं नव्हतं, भागी."

"मग कशापायी खोडलासा?"

आतून परिचारिकेनं नाव पुकारलं. भागी कार्ड सावरत आत गेली. ती बाहेर येण्याआधी मी निघालो. घरी येऊन कागद घेतला, आणि नमुना न बघता लिहिला. तो असा :

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
संबंधित कार्यालय.

विषय : वय स्थगित ठेवणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, पिंपळटेक येथील इयत्ता सहावीतील विद्यार्थिनी कु. भागिरथी धोंडिबा झोरे हिच्या पुनर्प्रवेशाबाबत मी केलेले एकूण एकवीस अर्ज आपल्या विचाराधीन आहेत. अर्जांची छाननी होण्यास लागणारा कालावधी मला मान्य असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. मात्र दरम्यानच्या काळात सदर विद्यार्थिनीचे वय विनापरवानगी वाढत असल्याचे माझ्या प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले आहे.

तरी माझ्या अर्जांवर निर्णय होईपर्यंत तिचे वय बारा वर्षे पाच महिने इतकेच कायम ठेवण्यात यावे, व तसे तिला लेखी कळवण्यात यावे, ही नम्र विनंती. तिला वाचता येते.